पळाली ती माझी लय

माझे बाबा मिलमध्ये कपडा खात्यात होते. चार साचे त्यांच्याकडे असत. साचा म्हणजे माग, पण आमच्या गल्लीत त्याला कुणी माग म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्या खात्यात इतका आवाज असे की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कानावर पडत नसे. बाबा आणि त्यांचे सोबती एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. ती सवय घरीही होती. आई स्टोव्हकडे तोंड करून काही म्हणाली की बाबा म्हणायचे, "इकडे बघून बोल ना." उजव्या कानानं त्यांना बरंच कमी ऐकू यायचं. त्यात कुणाला विशेष वाटत नव्हतं. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष तसेच होते, आणि सगळेच मोठ्यानं बोलत.

बाबा तबला वाजवत. कुणाकडे शिकले नव्हते. आजोबा महूला पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे आणि लहानपणी बाबा परेडच्या मैदानाकडेनं त्यांच्यासोबत पाय टाकत चालायचे. पाय बरोबर पडला की हात आपोआप बरोबर पडतो, एवढंच त्यांना आजोबांनी सांगितलं होतं. पुढे इंदूरला मिलमध्ये लागल्यावर तिथल्याच लोकांची एक गाणारी मंडळी होती. विहारात, जयंतीला, लग्नाकार्यात ते गायचे. त्यांच्यात बाबा आधी ढोलक आणि मग तबला वाजवायला लागले. त्या मंडळीचे मुख्य गायक बाबांच्याच पाळीत होते. त्यांना मी काका म्हणायची. इंदुरी सवयीनं सगळ्यांनाच, मलासुद्धा, 'भिया' म्हणजे भाऊ म्हणत ते सांगायचे, "हम बेसुरे हो जाते हैं भिया, पण तुझे बाबा हलत नाहीत."

मी व्हायोलिन शिकत होते. शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी मला मल्हारगंजमधल्या एका गुरुजींकडे पाठवलं होतं. कागदाच्या दुकानावर त्यांची एक लांबट खोली होती. गुरुजींनी क्लासचं एक जुनं व्हायोलिन मला घरी न्यायला दिलं. पहिल्या वर्षभरातच त्यांनी माझी खोड ओळखली. एकदा त्यांनी मला खोलीत एकटीला बसवलं, एक गत वाजवायला सांगितली आणि स्वतः खाली दुकानात जाऊन उभे राहिले. वर आले तेव्हा हसत होते.

"एकटी असलीस की पळतेस," ते म्हणाले. "जी जागा अवघड आहे तिथे हळू होतेस, आणि जी येते ती घाईनं वाजवून मोकळी होतेस. कुणी सोबत नसताना लय धरून ठेवणं हे खरं काम आहे. पायानं मात्रा मोज. तोंडानं मोज. पण मोज."

मी मोजत नव्हते. मोजायला लागलं की वाजवण्यातली मजा जाते, असं मला वाटे. शिवाय घरी मला मोजायची गरजच नव्हती. बाबा होते.

सकाळपाळी असली की बाबा दुपारी घरी यायचे, हातपाय धुऊन, चहा पिऊन तबला काढायचे. माझ्या बरोबर समोर बसायचे. बाजूला बसलेलं त्यांना चालायचं नाही. माझा गज त्यांना दिसायला हवा असे. तीनतालाचा ठेका ते लावून द्यायचे आणि त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर असायची. मी जरा पळाले की डग्ग्यावर थोडा जोर द्यायचे. बोलायचे काही नाहीत. त्या जोरानं माझा हात आपोआप मागे यायचा, आणि मला वाटायचं, मीच नीट वाजवतेय.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मिल बंद झाली. एका दिवसात झाली असंही नाही. आधी एक पाळी गेली, मग खाती एकेक करून थांबली, मग एका सकाळी भोंगा वाजला नाही. सगळी गल्ली त्या भोंग्यावर उठायची. त्या सकाळीही बाबा वेळेवर उठले, डबा घेऊन गेले आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आले. पुढे कित्येक महिने ते रोज गेटवर जात राहिले. तिथे तंबू टाकला होता. कुणी पुढारी येऊन बोलायचा. बाबांना त्यातलं अर्धं ऐकू यायचं नाही. काका त्यांना हातानं समजावून सांगायचे.

त्या काळात आमचा रियाज दोन वेळा व्हायला लागला, सकाळी आणि दुपारी. आई शेजारच्या बाईंसोबत पापड लाटायला जायची. घरात मी आणि बाबा. आता आठवलं की कळतं, दिवसभरात वेळेवर करायचं असं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. मला यायला उशीर झाला तर ते तबला मांडून, हातोडी शेजारी ठेवून बसलेले दिसत. मला त्याचा कंटाळा यायला लागला होता, हेही लिहिलं पाहिजे.

त्याच वर्षी विद्यापीठाच्या युवक महोत्सवात मी स्वरवाद्यात भाग घेतला. कॉलेजच्या फेरीत निवड झाली. पुढच्या फेरीला साथीला कोण, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा मी आढेवेढे घेतले. क्लासमध्ये एक चांगला तबलजी मुलगा होता, त्याचं नाव माझ्या मनात होतं. पण गुरुजी म्हणाले, "तुझ्या बाबांइतकी तुझ्या हाताची ओळख कुणाला आहे?" आणि विषय संपला. बाबांनी त्या दिवसासाठी पांढरा शर्ट स्वतः धुतला, स्वतः इस्त्री केला.

स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरल्यापासून मला त्यांची लाज वाटायला लागली. बाकीच्या मुलींचे साथीदार रेशमी कुर्ते घालून आले होते, एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते. बाबा टेरिकॉटच्या शर्टात, खांद्यावर तबल्याची पिशवी. मिलमध्ये बोलायचे तसे खणखणीत आवाजात त्यांनी टेबलावरच्या मुलाला विचारलं, "भिया, बेटी का नंबर कब है?" पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं. मी तिथून उठून पाणी प्यायला गेले. तहान नव्हती.

मंचावर सुरुवात बरी झाली. मधल्या लयीतली गत मी नीट वाजवली. बाबा समोर बसू शकत नव्हते. मंचावर साथीदार बाजूला बसतो, तसे ते माझ्या उजवीकडे बसले होते आणि मान वळवून माझा गज बघत होते. द्रुत सुरू झाली आणि माझा हात सुटला. ज्या ताना मला पाठ होत्या त्या मी एकामागून एक घेत गेले. तबला मध्येच मागे ओढल्यासारखा वाटला, मला राग आला, मी आणखी जोरानं पुढे गेले. शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला हवी होती. ती दोन मात्रा आधीच येऊन पडली आणि मी गज उचलून तशीच बसले. एका परीक्षकानं कागदावर काहीतरी लिहिलं. बाबांनी एक छोटा तुकडा वाजवून कसंबसं ते झाकलं आणि थांबले.

निकाल लागायच्या आधीच मला कळलं होतं. हॉलच्या बाहेर जिन्यापाशी गुरुजी उभे होते.

"शेवटी काय झालं ग?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "बाबांचा ठेका पळाला, गुरुजी. त्यांना नीट ऐकू येत नाही."

मी हे हळू आवाजात म्हणाले. बाबा तीन-चार पावलं लांब उभे होते, त्यांना ऐकू जायचं कारण नव्हतं. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते. अर्ध्या आयुष्याची त्यांची सवय मी विसरले होते.

ते पुढे आले. "हो गुरुजी," ते म्हणाले. "साच्यांवर कान गेला ना. मला वाटलंच काहीतरी गडबड होतेय. माफ करा."

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं?" एवढंच म्हणाले. माझी खोड त्यांना माहीत होती. मी मान वर केली असती तर कदाचित त्यांनी आणखी काही विचारलं असतं. मी चपलेचा पट्टा नीट करत राहिले.

घरी येताना प्रवासी टेम्पोत आम्ही समोरासमोर बसलो होतो. गुडघ्यांवर तबल्याची पिशवी धरून बाबा म्हणाले, "बेटा, तुझं नुकसान झालं." मी बाहेर बघत म्हणाले, "जाऊ द्या." क्षमा करावी तसं म्हणाले मी ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्हायोलिन काढलं तेव्हा तबला मांडलेला नव्हता. बाबा म्हणाले, "गुरुजींना सांग, दुसरा कोणी बघून देतील. आता शास्त्राचं काम आहे, माझ्यानं होणार नाही." मी हो म्हणाले. महिन्याभरानं त्यांनी तबल्याची जोडी काकांच्या मंडळीला देऊन टाकली. स्वतः मंडळीत जायचंही बंद केलं.

खरं मला तीन-चार महिन्यांनी कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा, नाकारता येईना असं समोर आलं. वर्गातल्या एका मैत्रिणीनं तो कार्यक्रम प्रेक्षकांत बसून टेप केला होता. परीक्षा संपल्यावर तिनं मला घरी बोलावलं. "तुझंही आहे त्यात," ती म्हणाली आणि टू-इन-वन लावून आत चहा करायला गेली.

मी ऐकत बसले. गत ठीक होती. द्रुत सुरू झाली आणि चार आवर्तनांत व्हायोलिन पळायला लागलं. तबला पळत नव्हता. तबला जिथे होता तिथेच होता, आणि दोघांत फट पडत चालली होती. मग डग्ग्यावरचा तो ओळखीचा जोर आला. एकदा, दोनदा. घरी त्या जोरानं मी मागे यायची. इथे आले नाही. तिसऱ्यांदा जोर दिल्यावर ठेका क्षणभर अडखळला आणि मग तो हळूच वेग वाढवून माझ्यासोबत आला. मी एकटी पडू नये म्हणून आला. तिहाई चुकली त्यानंतरचा तो छोटा तुकडा तर इतका नेमका होता की मैत्रीण आतून म्हणाली, "तेरे तबलेवाले क्या मस्त बजाते हैं यार, कौन हैं?"

मी म्हणाले, "आहेत एक ओळखीचे."

ती टेप मी मागून घेतली आणि घरी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. त्याच संध्याकाळी बाबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तेव्हाच त्यांना विजय नगरकडे एका नव्या इमारतीत चौकीदाराची नोकरी लागली होती. तिकडे रोज नवं काहीतरी उभं राहत होतं, शोरूम, ऑफिसं, फ्लॅट. मिलमधले कितीतरी लोक तिकडे निळ्या वर्दीत गेटवर बसायला लागले होते. मी मनाला समजावलं, आता ते कामावर जातात, थकून येतात, जुनं कशाला काढायचं. पण खरं कारण वेगळं होतं. खरं सांगितलं असतं तर ते पुन्हा तबला घेऊन माझ्यासमोर बसले असते, आणि मला ते नको होतं. मला क्लासमधला तो मुलगा साथीला मिळाला होता. मला रेशमी कुर्ता मिळाला होता.

पुढे मी संगीतात एम.ए. केलं आणि महूच्या एका शाळेत संगीत शिक्षिका म्हणून लागले. रोज बसनं जाऊन-येऊन. पहिल्या वर्षी मी एक इलेक्ट्रॉनिक तबला आणला. डब्यासारखा, वर बटणं आणि मात्रेमात्रेला लुकलुकणारा लाल दिवा. बाबांनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, दिव्यावर बोट धरून सोळा मात्रा मोजल्या.

"हे बरं," ते म्हणाले. "हे चुकत नाही."

त्या यंत्रासोबतही मी पळायची. फरक इतकाच की ते माझ्यामागे येत नसे. मी पुढे जाऊन आपटायची, थांबायची, पुन्हा सुरू करायची. तेव्हा कुठे, पंचविशी उलटल्यावर, मी पायानं मात्रा मोजायला शिकले.

एका लग्नात माझ्यासमोर जे झालं त्यानंतर मात्र गप्प बसणं कठीण झालं. काकांची मंडळी गात होती. त्यांचा तबलजी आला नव्हता. काका बाबांचा हात धरून म्हणाले, "चल ना भिया, एक गाना." बाबांनी हात सोडवून घेतला. "नाही रे," ते त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "माझी लय पळते. आमच्या बेटीनं सांगितलं. तिला शास्त्र कळतं ना. एम.ए. आहे ती." आजूबाजूच्या लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. अभिमान होता. मी ताटातली भाजी चिवडत राहिले. घरी आल्यावर आईनं विचारलं, जेवली नाहीस का, तर पोट दुखतंय म्हणाले.

तरीही मला सांगायला आणखी दोन वर्षं लागली. तोपर्यंत बाबांनी नोकरी सोडली होती आणि डावा कानही जवळजवळ गेला होता. मशीन घेऊन दिलं होतं, ते शिटी वाजते म्हणून लावायचे नाहीत. एका रविवारी सकाळी ते खाटेवर बसून मटार सोलत होते. मी त्यांच्या समोर बसले, ओठ नीट दिसतील अशी.

"बाबा, त्या स्पर्धेत तुमची लय पळाली नव्हती. माझी पळाली होती. मी गुरुजींना खोटं सांगितलं."

त्यांनी मटाराची शेंग हातातच धरली. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, समजलं नाही. मी पुन्हा म्हणाले, हळूहळू, एकेक शब्द. समजलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, लहान मुलाची समजूत घालताना येतं तसं.

"राहू दे ग बाई," ते म्हणाले. "कान गेला ते मला माहीत आहे. बुढ्या बापाचं मन कशाला राखतेस?"

"मन राखत नाही, बाबा. माझ्याकडे टेप आहे."

मी ट्रंकेतून टेप काढली. ती लावली आणि आवाज पूर्ण मोठा केला. आई आतून धावत आली. बाबांनी डावा कान टेपरेकॉर्डरला लावला, मग उजवा, मग पुन्हा डावा. बराच वेळ तसेच वाकून बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती द्रुत, तो डग्ग्यावरचा जोर, एकदा, दोनदा, सगळं आमच्या खोलीत भरून वाजत होतं. त्यांनी मान हलवली.

"खरखर येतेय नुसती," ते म्हणाले. "बंद कर. शेजारचे ओरडतील."

आणि पुन्हा मटार सोलायला लागले. सोलून झाल्यावर उठताना म्हणाले, "तू चांगली आहेस. पण खोटं नको बोलू."

मी काकांकडे गेले. वाटलं, त्यांचं तरी ऐकतील. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हमको क्या मालूम नहीं था? ज्यानं वीस वर्षं आमच्यासोबत वाजवलं त्याची लय पळेल? त्यालाही मी तेव्हाच म्हटलं होतं. पण तू सांगितलेलं त्यानं धरलं, बेटा. आमचं काय, आम्ही अनपढ माणसं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते दुसऱ्याच दिवशी तबल्याची जोडी घेऊन आमच्याकडे आले. बाबांसमोर ठेवली. बाबांनी डग्ग्यावरून हात फिरवला, तबल्याच्या चाटीवर दोन बोटं मारली, मला विचारलं, "सुराला चढली आहे का ग?" मी हो म्हणाले. त्यांनी मंडळीत वाजवायचे तो साधा ठेका लावला. बोटं आखडली होती, बोल स्पष्ट निघत नव्हते. पण लय जिथे लावली तिथेच राहिली. काका गुणगुणायला लागले. मी व्हायोलिन आणायला उठले. परत आले तेव्हा बाबांनी हात मागे घेतला होता.

"बस," ते म्हणाले. "तुझ्यासोबत नको. तुझं बिघडेल."

त्यानंतर त्यांनी तबल्याला हात लावला नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, विहारात सगळी गल्ली जमली होती. मिलमधले उरलेले सोबतीही आले होते, काही काठी टेकत. लोक एकेक करून दोन शब्द बोलत होते. मी माइकपाशी गेले आणि सगळं सांगितलं. स्पर्धा, जिना, टेप, गप्प बसलेली वर्षं. त्यांचा तबला मी बंद पाडला, असं स्पष्ट शब्दांत म्हणाले. खाली उतरले तेव्हा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कितीक मुली अशा बोलतात बापाबद्दल? बहोत अच्छा बोली तू."

त्यांच्या मागे आणखी दोघी-तिघी तेच सांगायला उभ्या होत्या. मी प्रत्येकीला नमस्कार केला.